व्यसनमुक्ती केंद्रात सही करण्याआधी

श्रावण लागला की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दारू एकदम बंद होते. गटारीला शेवटची, मग थेट गणपती होईपर्यंत नाव नाही. कुणी आषाढीला पंढरपुरात माळ घालून येतो आणि त्याच दिवसापासून सोडतो. महिन्या-पंधरवड्यातून कधीतरी घेणाऱ्याला याचा काहीच त्रास होत नाही. पण जो वर्षानुवर्षं रोज पितो, ज्याच्या हातातला चहा सकाळी कपातून बशीत सांडतो आणि क्वार्टर पोटात गेल्यावरच ज्याचा हात स्थिर होतो, त्याच्या बाबतीत हा चांगला निर्धार जिवावर बेतू शकतो. घरच्यांना वाटतं, दोन दिवस तळमळेल, तळमळू दे, स्वतःच ओढवून घेतलंय ना! या तळमळीला डॉक्टर विड्रॉवल म्हणतात. डॉक्टरांच्या, केंद्राच्या आणि विमा कंपनीच्या तोंडी येणाऱ्या अशा शब्दांचा अर्थ बहुतेक कुटुंबांना गरज पडते त्या रात्री माहीत नसतो. त्या गडबडीत कुठेही सही केली जाते, कुणालाही पैसे दिले जातात. म्हणून हे सगळं आधीच, डोकं शांत असताना समजून घ्या.

विड्रॉवलपासूनच सुरुवात करू, कारण इथे चूक झाली तर ती सुधारायला पुढे संधी मिळेलच असं नाही. रोजच्या दारूमुळे मेंदूचं काम मंदावलेलं असतं. त्यावर मात करून चालत राहायला तो हळूहळू सरावतो. दारू अचानक थांबली की तोच मेंदू बेफाम होतो. पहिल्या काही तासांत घाम, थरथर, मळमळ आणि धडधड सुरू होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते, आयुष्यात कधी न आलेल्यालाही. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो. वॉर्डातले डॉक्टर त्याला नुसतं डी.टी. म्हणतात. माणसाला वेळ-काळ, जागा कळेनाशी होते, चादरीवर किडे चालताना दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

हे चित्र मनोविकारांच्या वॉर्डाइतकंच हाडांच्या वॉर्डातही दिसतं. पाय मोडून माणूस दाखल होतो. डॉक्टर विचारतात, पितात का? बायको-मुलं खालमानेनं सांगतात, कधीतरी, कार्यक्रमाला. तिसऱ्या रात्री तो सलाइन उपसून काढतो, मोडलेल्या पायावर उभा राहतो, भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागतो. इज्जत राखण्यासाठी बोललेलं एक वाक्य इतकं महाग पडतं. दवाखान्यात कोणत्याही कारणानं दाखल होताना तीन गोष्टी खऱ्या सांगा: रोज किती, किती वर्षांपासून, आणि शेवटची कधी घेतली.

हा काळ औषधांच्या आधारानं सुखरूप पार पाडण्याला डिटॉक्स म्हणतात. त्यात मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या ठरावीक प्रमाणात देऊन रोज कमी केल्या जातात, आणि थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शननं देतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायामिनचा खडखडाट असतो आणि त्याच्या अभावी मेंदूला होणारी इजा स्मरणशक्ती कायमची नेऊ शकते. म्हणूनच गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय, ग्लुकोजची बाटली लावा' असं सांगताना पिण्याची माहिती लपवू नये. ग्लुकोजच्या आधी थायामिन जायला हवं. डिटॉक्सला सहसा आठवडा-दहा दिवस लागतात.

आणि इथेच सर्वांत मोठी गल्लत होते. दहा दिवसांनी माणूस ताजातवाना होऊन घरी येतो, चेहरा उजळलेला असतो, जेवायला लागतो आणि घर सुटकेचा श्वास सोडतं. घरात जमवलेला सगळा पैसा आणि सगळी आशा या दहा दिवसांवर खर्च झालेली असते. प्रत्यक्षात एवढ्यानं शरीरातली दारू गेलेली असते, व्यसन तिथेच असतं. उपचार त्यानंतर सुरू होतात. त्याला केंद्रात पुनर्वसन किंवा रिहॅब म्हणतात. गटात बोलणं, समुपदेशन, दिवसाला पुन्हा वेळापत्रक लावणं, कुटुंबाबरोबर बसणं, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणनं हा विचार महाराष्ट्रात रुजवला. माणसाला कोंडून नव्हे तर बोलतं करून दारूपासून दूर ठेवायचं, आणि बायको-आईवडिलांनाही उपचारात सामील करून घ्यायचं. केंद्र निवडताना मी सर्वांत आधी हाच प्रश्न विचारायला सांगेन की घरी सोडल्यानंतर पुढच्या वर्षभरात तुम्ही काय करता? या प्रश्नाला नीट उत्तर नसेल, तर ती जागा फक्त डिटॉक्सची आहे, फलकावर काहीही लिहिलेलं असो.

पाठपुराव्याच्या काळात तलफ, ट्रिगर, स्लिप आणि रिलॅप्स हे शब्द सतत कानावर पडतील. तलफ सगळ्यांना कळते. तिची लाट बहुधा काही मिनिटांत चढते आणि उतरते, तेवढा वेळ काढायला शिकवणं हे समुपदेशकाचं रोजचं काम असतं. तलफ जागवणारं निमित्त म्हणजे ट्रिगर. पगाराचा दिवस, नेहमीचा कोपरा, भाऊबंदकीचं भांडण, एवढंच नाही तर क्रिकेटचा सामना जिंकल्याचा आनंदसुद्धा. स्लिप म्हणजे एखाद्या वेळी घसरणं आणि रिलॅप्स म्हणजे पुन्हा पूर्वीसारखं पिणं सुरू होणं. दोन्हींत फरक आहे आणि तो घरच्यांनी मनापासून मान्य करावा. स्लिप झालेल्या रात्री 'गेले सगळे पैसे पाण्यात, तू सुधारणार नाहीस' असं ऐकलं की माणूस दुसऱ्या दिवशी केंद्रात फोन करत नाही, गुत्त्यावर जातो. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण डॉक्टर बदलत नाही की रुग्णाला घराबाहेर काढत नाही, डोस बघतो. रिलॅप्सच्या वेळीही डॉक्टर तेच करतात. एक धोका मात्र लक्षात ठेवा. ब्राउन शुगरसारखी अफूजन्य नशा काही आठवडे सुटलेल्या माणसानं पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली, तर त्याचा श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सवय दरम्यान मोडलेली असते. केंद्रातून परतल्यानंतरचे दिवस यासाठीच जास्त जपायचे.

औषधांबद्दल बोलताना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. 'न कळत दारू सोडवा', 'जेवणातून द्या, गुण येईल' अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतींपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. डायसल्फिराम नावाचं खरंखुरं औषध आहे आणि डॉक्टर ते देतात, पण रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, यकृत आणि हृदय तपासून. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आपल्या पोटात हे औषध आहे हे ज्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणारच, आणि ती प्रतिक्रिया प्राणघातक ठरू शकते. आमटीत गोळी मिसळणारी बायको हतबल असते, तिचा दोष काढायचा नाही. पण हे करू नका. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, अफूच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. ती मनोविकारतज्ज्ञाकडून घ्यावीत.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, एमबीबीएसनंतर या विषयाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतो, भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. समुपदेशक म्हणवून घ्यायला मात्र फारसं बंधन नाही, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारायला संकोचू नका. समुपदेशनाला कमी लेखायचंही कारण नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला एक अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पण अजून पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांशी प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलणं केलं, आणि त्याचा स्पष्ट फायदा दिसला. वेळेवर गेलं तर प्रत्येकाला केंद्रात राहावं लागत नाही.

वेळेवर म्हणजे कधी, हे ठरवताना घरं एक चुकीचं माप लावतात: नोकरी टिकून आहे ना, मग व्यसन नाही. डॉक्टर वेगळं बघतात. ठरवलं त्यापेक्षा जास्त प्यायली जाते का, कमी करायचे प्रयत्न फसलेत का, तेवढाच परिणाम व्हायला पूर्वीपेक्षा जास्त लागते का, न घेतल्यास शरीर त्रास देतं का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. याला अवलंबित्व, म्हणजे डिपेन्डन्स म्हणतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणतीतरी मदत मिळाल्याचं आढळलं.

डिस्चार्ज कार्डावर कधी 'ड्युअल डायग्नोसिस' असं दिसेल. व्यसनाबरोबर नैराश्य, बायपोलर, अतिचिंता असा दुसरा मानसिक आजारही आहे, असा त्याचा अर्थ. कोणता आजार आधीचा, हे कळायला डॉक्टरांना काही आठवडे दारूशिवायचा माणूस पाहावा लागतो. उपचार दोन्हींवर एकत्र व्हायला हवेत. नैराश्याच्या गोळ्या 'सवय लागेल' म्हणून मध्येच बंद करणं, हा रिलॅप्सचा राजमार्ग आहे. या गोळ्यांची नशा होत नाही. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची, आणि त्या दुकानदाराकडून चिठ्ठीशिवाय परस्पर आणणं थांबवा.

आता पैसा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही विमा कंपनीनं द्यायला हवा. कंपन्या चालढकल करत राहिल्या, तेव्हा विमा नियामक आयआरडीएआयनं ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या पॉलिसींत याची पूर्तता करायला सांगितलं. त्यामुळे नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर 'मानसिक आजार आहे' एवढ्या कारणानं दावा नाकारता येत नाही.

व्यसनाचं मात्र तसं नाही. त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था स्पष्टपणे समाविष्ट आहेत. तरीही आयआरडीएआयनं २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांच्या यादीत संकेतांक १२ असा आहे: दारू, अमली पदार्थ किंवा कोणतंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार. आणि संकेतांक ५ मध्ये पुनर्वसन आणि विश्रांतीसाठीचा मुक्काम येतो. हे दोन अपवाद जवळपास प्रत्येक पॉलिसीत छापलेले असतात. म्हणजे डिटॉक्स पहिल्यात अडकतं आणि रिहॅब दुसऱ्यात. 'त्याचे परिणाम' या शब्दांनी तर यकृताच्या आजाराचा दावाही अडवला जातो, केस पेपरवर 'क्रॉनिक अल्कोहोलिक' एवढे दोन शब्द पुरतात. कायदा ज्याला आजार म्हणतो, त्यालाच विम्यातून वगळणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज पॉलिसी हातात घेणाऱ्यानं वस्तुस्थिती धरून चालावं.

म्हणून काय करायचं? डॉक्टरांना खोटं लिहायला सांगायचं नाही. ते पुढच्या उपचारात नडतं आणि फसवणूक ठरतं. मात्र निदानं स्वतंत्रपणे आणि पूर्ण लिहून मागायची. तीव्र नैराश्यासाठी दाखल केलं असेल आणि सोबत दारूचा इतिहास असेल, तर मुख्य निदान कोणतं हे कार्डावर स्वच्छ दिसायला हवं. दारूचा उल्लेख सवयींच्या रकान्यात आहे की आजाराचं कारण म्हणून आहे, हे घरी जाण्याआधी वाचून घ्या, नंतर दुरुस्ती करून घेणं कठीण जातं. प्रस्तावाच्या अर्जात दारू-तंबाखूबद्दल विचारतात, तिथेही खरं लिहा. एजंट 'नाही'वर खूण करून टाकतो आणि भोगावं कुटुंबाला लागतं. दारूचं व्यसन लपवलेल्या एका विमेदाराच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा नकार योग्य ठरवला.

पॉलिसीतले आणखी काही शब्द. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला. त्याच्यासाठी प्रतीक्षा काळ असतो, २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर, फसवणूक वगळता, माहिती लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही. याला मोरॅटोरियम म्हणतात. पण पॉलिसीतले अपवाद मोरॅटोरियमनंतरही कायम राहतात, संकेतांक १२ सुद्धा. को-पे म्हणजे बिलातला तुमचा ठरावीक टक्का. सबलिमिट म्हणजे एका आजारासाठी वेगळी, कमी मर्यादा. मानसिक आजारावर ती आहे का, हे मुद्दाम शोधा. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत येतच नाही, त्यामुळे महिन्याच्या गोळ्या आणि समुपदेशकाची फी खिशातूनच जाणार, तसा हिशेब आधी मांडून ठेवा. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा फेटाळला असं होत नाही. बिल भरून प्रतिपूर्तीचा दावा करता येतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करूनही नकार आला, किंवा महिनाभर उत्तर नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांचा निवाडा ते करतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.

विमा नसलेल्यांसाठी वाट बंद नाही. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातही सेवा मिळते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही आहेत. जवळचं कोणतं, ते १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर विचारा. मन बुडतंय, जीव नकोसा झालाय असं वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, रात्रीसुद्धा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना पैसे लागत नाहीत, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे, आणि तो पिणारा तयार नसला तरी बायकोनं, आईनं एकटीनं गाठावा असा आहे.

शेवटी सहीचा कागद. माणूस स्वतःहून दाखल होतो तेव्हा कायदा त्याला स्वतंत्र दाखल म्हणतो. त्यानं घरी जायचं म्हटलं की सोडायला हवं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्याची संमती नसताना दाखल करण्याला साहाय्यित दाखल म्हणतात. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं काम पाहणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, आणि एका मनोविकारतज्ज्ञासह दोघा जणांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून लिहून द्यावं लागतं की स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला शक्य नाही. पहिली मुदत ३० दिवसांची. रात्री गाडी पाठवून चार माणसांकरवी उचलून नेणारी केंद्रं या सगळ्याला फाटा देतात. हताश झालेली आई त्यांना होकार देते, हे मी समजू शकतो, पण आत काय होतं ते तिला दिसत नाही. साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे. सक्तीनं डोकं भादरता येत नाही, भेट आणि फोन हा रुग्णाचा हक्क आहे, आणि उपचाराचे कागद मागण्याचाही. नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्यासाठी साधा कागद आणि सही पुरते. माणूस शुद्धीत, बऱ्या मनःस्थितीत असताना हे करून घ्या.

केंद्राच्या दारात पोचल्यावर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा, रात्री कोण डॉक्टर असतो ते विचारा, राहायची जागा आत जाऊन बघा. यांपैकी कशालाही टाळाटाळ झाली तर सही करू नका, माणसाला घेऊन परत फिरा आणि १४४४६ वर दुसरी जागा विचारा.